अण्णांच्या गाडीचं ऑइल

इंजिनातलं ऑइल मोजायची सळई, म्हणजे डिपस्टिक, बाहेर काढली की अण्णा ती लगेच पुसायचे नाहीत. टोकाचा थेंब अंगठ्यावर घ्यायचे, तर्जनीने चोळायचे, दोन्ही बोटं सावकाश उघडून तार धरतोय का बघायचे आणि मग बोटं नाकाशी न्यायचे. एवढं झाल्यावर फडकं. मग डिपस्टिक पुन्हा आत, पुन्हा बाहेर, आणि आता कुठे लेव्हल. फडकंही ठरलेलं, शेजारच्या कारखान्यातली टॉवेलची चिंधी. सोलापूरच्या पूर्व भागात कारखाना म्हणजे यंत्रमागांचा, आणि टॉवेलच्या फुकट गेलेल्या तुकड्यांना आमच्या गल्लीत कधी तोटा नव्हता. माग सुरू व्हायच्या आधीची पहाट, बॉनेट उघडलेलं, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं नाकाशी धरून उभे असलेले अण्णा. बाप म्हटलं की मला आधी हे दिसतं.

वास कसला घेता, असं एकदा विचारलं होतं. म्हणाले, "वंगणाचा वास घ्यायचा असतो. तुझे आजोबा घ्यायचे." आजोबांची बैलगाडी होती, मोहोळकडच्या गावात. गाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकलेलं असायचं आणि त्यात एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या. चाक काढून आसाला वंगण दिल्याशिवाय लांबच्या वाटेला बैल जुंपायचे नाहीत. कॅस्ट्रॉल हे नाव एरंडेलावरून, म्हणजे कॅस्टर ऑइलवरून पडलं, १९०९ मध्ये, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा अण्णा नव्हते. सांगितलं असतं तर फार खूश झाले असते.

गाडी १९९३ ची. टाटा १२१० ट्रक, लांब नाकाचा. इंजिन ६९७. हा आकडा मला लहानपणी कसला तरी परवान्याचा नंबर वाटायचा. मिस्त्रीचाचांनी फोड करून सांगितली: सहा सिलिंडर, आणि प्रत्येकाचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ९७ मिलिमीटर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, १२८. हिशेब केला की ५,६७५ सीसी भरतात. टेल्कोचा, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचा, डाइम्लर-बेन्झशी करार १९५४ चा, तो १९६९ ला संपला. पण ९७ आणि १२८ ही बेन्झची मापं आमच्या गाडीच्या पोटात तशीच राहिली. टर्बो नाही, सेन्सर नाही, एकही वायर इंजिनाच्या मनातलं सांगायला नाही. जे सांगायचं ते ती आवाजाने सांगते, धुराने सांगते आणि ऑइलने सांगते.

अण्णा २०१६ मध्ये गेले आणि गाडी माझ्याकडे आली. हैदराबादची लांब भाडी आता तिला देत नाही. हंगामात उत्तर सोलापूर, बार्शी, मोहोळकडचा कांदा मार्केट यार्डात आणायचा, कधी सिमेंट, कधी वीट. भंगारात दे म्हणणारे खूप भेटतात. दरवर्षी पासिंगच्या वेळी तर हमखास भेटतात. त्यांचं गणित चुकीचं आहे असं नाही. माझं वेगळं आहे. या गाडीने आमचं घर उभं केलंय आणि ती अजून एका सेल्फला उचलते. तिला योग्य ते ऑइल मिळावं एवढी काळजी मी करू शकतो, म्हणून करतो.

आणि इथेच पहिला प्रश्न आला, योग्य कुठलं?

अण्णांचा हिशेब साधा होता. चाळीस नंबर. एकच ग्रेड, उन्हाळा-हिवाळा तेच. बदलायचं कधी? किलोमीटरचा मीटर कधीचाच बंद पडलेला, म्हणून हैदराबादच्या फेऱ्यांवर. जाऊन-येऊन सहाशे किलोमीटर, पंधरा फेऱ्या झाल्या की नऊ हजार. कॅबिनच्या लाकडी फळीवर पेन्सिलीने चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, असे तीन गठ्ठे झाले की ऑइल बदली. ती फळी अजून आहे. तिच्यावर रेघांवर रेघा चढल्यात, खोडलेल्या, पुसट झालेल्या, आणि खालच्या कोपऱ्यात दोनच रेघांचा एक अर्धा गठ्ठा राहिलाय.

मी पहिल्यांदा ऑइल आणायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "भाऊ, चाळीस नंबर आता कोण वापरतंय?" आणि मागच्या भिंतीकडे हात केला. बादल्यांची भिंत. १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०, १०डब्ल्यू-३०, आणि प्रत्येकीवर सीएच-४, सीआय-४ प्लस, सीके-४ अशी अक्षरं. मला त्या दिवशी चाळीस नंबर मिळालं नाही आणि मी रिकाम्या हाताने परतलो. नवं काही टाकलं तर अण्णांची गाडी बिघडेल, ही भीती मनात होती. मग महिनाभर वाचत बसलो, विचारत फिरलो. त्यातून हाती आलं ते इथे लिहितोय, कारण जुन्या इंजिनाची गाडी सांभाळणारे माझ्यासारखे बरेच आहेत आणि दुकानात उभं राहून त्यांचाही असाच गोंधळ होतो.

आधी आकडा. चाळीस हे ऑइल गरम असतानाच्या घट्टपणाचं माप आहे. १०० अंश सेल्सियसला ऑइलचा घट्टपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या मध्ये बसला तर ते चाळीस. १६.३ ते २१.९ मध्ये बसला तर पन्नास. आणि १५डब्ल्यू-४० मधला चाळीस हा तोच चाळीस. हे कळलं तेव्हा मला हायसं वाटलं. अण्णांचं ऑइल आणि हे नवं ऑइल इंजिन तापल्यावर एकाच घट्टपणाचं. फरक थंडपणी. एकेरी चाळीस पहाटे मधासारखं जड असतं आणि मल्टिग्रेड तेवढं जड होत नाही. डब्ल्यू म्हणजे विंटर. १५डब्ल्यूची थंडीत इंजिन फिरवून बघायची चाचणी उणे २० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना. सोलापुरात थंडीतही पारा दहाच्या खाली क्वचितच उतरतो आणि मे महिन्यात ४३-४४ ला जाऊन टेकतो. तेव्हा १५ की २० यावर आपल्याकडे डोकं फोडण्यात अर्थ नाही. दोन्ही चालतं. तरी मी १५ घेतो, कारण रात्रभर उभ्या गाडीत सेल्फ मारल्यावर वर झडपा उघडणाऱ्या रॉकरपर्यंत ऑइल पोचेपर्यंतचे पहिले काही सेकंद सगळ्यात वाईट झीज होते. तो टकटक आवाज जितका लवकर बंद होईल तितकं बरं. आमच्या गाडीत तो फरक कानाला कळतो.

मग अक्षरं. सी म्हणजे डिझेलच्या, धंद्याच्या गाड्यांचं. एस ने सुरू होणारं पेट्रोलचं, ते इकडे नको. सी पुढचं अक्षर जितकं पुढचं तितकं ऑइल नवं: सीएफ-४ १९९० चं, सीएच-४ १९९८ चं, सीआय-४ २००२ चं, सीके-४ २०१६ च्या अखेरचं. शेवटचा चार हा फोर-स्ट्रोकचा. नवं अक्षर जुन्याची जागा घेऊ शकतं, असाच ही अक्षरं ठरवणाऱ्यांचा नियम आहे. एक अपवाद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सीके-४ च्याच बरोबर एफए-४ नावाचं पातळ जातीचं ऑइल निघालं, ते नव्या इंजिनांसाठी आहे, आपल्या म्हाताऱ्या इंजिनात ते घालू नये.

सीआय-४ प्लस की सीके-४, यावर मी बराच अडलो. सीके-४ मध्ये राख आणि फॉस्फरस मर्यादेत ठेवलेले असतात, कारण नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि ऑइलची राख त्यात साचते. आमच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये नुसता पत्रा आहे. उलट जुन्या इंजिनाच्या कॅमला आणि टॅपेटला जस्त-फॉस्फरसचं जे संयुग वाचवतं, ते भरपूर असलेलं बरं, असं चाचा म्हणतात आणि मला ते पटतं. सीके-४ ने काही नुकसान झालं असतं असं नाही. एखाद्याकडे जुनी आणि बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) अशा दोन्ही गाड्या असतील तर एकच बादली दोघींना चालवायला सीके-४ उत्तम. माझी एकच गाडी आहे. मी सीआय-४ प्लस घेतलं, थोडं स्वस्तही पडलं.

डिझेलचाही यात हात आहे, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. ही गाडी आली तेव्हाच्या काळात डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालायचं, म्हणजे दहा लाखांत दहा हजार भाग. ते जळून सल्फ्युरिक ॲसिड व्हायचं, रिंगांमधून खाली उतरायचं आणि बेरिंग खायचं. ऑइलमध्ये अल्क असतो तो या ॲसिडला मारायला. तो संपला की ऑइल कितीही असो, मेलं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, त्यात गंधक दहा लाखांत फक्त दहा भाग. म्हणजे हजारपट कमी. अण्णांनी नऊ हजारांची शिस्त कडक पाळली ती त्या ॲसिडच्या काळात, आणि त्यामुळेच हे इंजिन आजवर टिकलं असं मला वाटतं.

पण ॲसिड कमी झालं म्हणून मी बदली लांबवली नाही. माझी गाडी आता कमी चालते, आणि ऑइलला ते जास्त चालण्यापेक्षा वाईट. मार्केट यार्डापर्यंतच्या छोट्या फेरीत ऑइल नीट तापत नाही, आत धरलेला ओलावा उडून जात नाही. पावसाळ्यात गाडी महिना-महिना उभी. म्हणून मी किलोमीटर मोजत नाही, महिने मोजतो. वर्ष संपायच्या आत बदली, गाडी चालली असो वा नसो.

एकेरी चाळीसवरून मल्टिग्रेडवर आलो तेव्हा चाचांनी एक गोष्ट बजावून सांगितली. "पहिली बदली दोन हजारांवर कर. फिल्टर तर त्याच्याही आधी." मला तो खर्चाचा घोळ वाटला. केलं त्यांच्या म्हणण्याप्रमाणे. काढलेला फिल्टर त्यांनी माझ्यासमोर करवतीने कापला आणि आतला कागद पंख्यासारखा उलगडला. त्याच्या घड्यांमध्ये काळा, मऊ चिखल बसला होता, चुलीच्या तव्याखालची काजळी तेलात कालवल्यासारखा. नव्या ऑइलमध्ये धुऊन काढणारा गुण जास्त असतो. पंचवीस वर्षांची साठलेली घाण त्याने सोडवून आणली होती, आणि ती सगळी फिल्टरने गिळली. फिल्टर तुंबला असता तर हीच घाण क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, मिळाली असती. जुन्या गाडीत नवं ऑइल टाकणाऱ्याने पहिला फिल्टर लवकर बदलावा, यात कसूर करू नये. नव्या ऑइलने सील गळायला लागले अशी तक्रार बरेच जण करतात, तिचं मूळही इथेच असतं. सील आधीच गेलेला असतो, चिखलाने धरून ठेवलेला असतो.

आता मे २०२२ ची गोष्ट. ही सांगितल्याशिवाय वरचं सगळं अपुरं आहे.

त्या उन्हाळ्यात मी समाधानात होतो. जुनं इंजिन थोडं ऑइल खातंच, आमची गाडी हजार किलोमीटरला अर्धा-पाऊण लिटर मागायची. एप्रिलपासून तिने मागणं बंद केलं. डिपस्टिक काढली की लेव्हल जिथल्या तिथे. मी घरी येऊन सांगितलं, नवं ऑइल मानवलं गाडीला. मे च्या दुसऱ्या आठवड्यात सिमेंट भरून धाराशिवला निघालो. दुपार झाली होती, निघायला उशीर झालेला. तुळजापूरचा घाट चढताना गाडी तापली, ती तापतेच. पण वर येऊन चहाला थांबलो आणि इंजिन आयडलला आलं तेव्हा ऑइल प्रेशरचा काटा दीडवर असतो तो अर्ध्यावर पडला. बोटाने मीटरच्या काचेवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि तिथेच राहिला.

रस्त्यावरच्या ऑइलच्या दुकानात गेलो. त्याने मॉडेल विचारलं, ऑइल विचारलं आणि लगेच निदान सांगितलं: "एवढ्या जुन्या गाडीत पंधरा-चाळीस? पातळ पडतंय ते. वीस-पन्नास टाका, काटा वर येतो की नाही बघा." शेजारी दोन ड्रायव्हर बसले होते, त्यांनीही माना डोलावल्या. मी घाबरलेला होतो, सिमेंट भरलेलं होतं, आणि सल्ला ऐकायला सोपा होता. बादलीचे पैसे काढता काढता चाचांना फोन लावला, का ते माहीत नाही. बहुतेक परवानगी मागितल्यासारखं सांगायला.

ते म्हणाले, "लेव्हल किती आहे?"

"भरपूर आहे चाचा. वरच्या खुणेच्याही वर दिसतेय."

"तू टाकलंस?"

"नाही. महिनाभर एक थेंब नाही टाकला."

पलीकडे क्षणभर काही नाही. मग, "अबे, ऑइल आपणहून वाढतंय म्हणजे चांगलं कसं? घरात पाणी वाढलं तर खूश होतोस का नळ बघतोस? डिपस्टिक काढ. नाकाला लाव."

नाकाला लावली. डिझेल. स्पष्ट, उग्र, डोळ्यात पाणी येईल असा वास. मी महिनाभर डिपस्टिक काढत होतो, पुसत होतो, लेव्हल बघत होतो आणि परत ठेवत होतो. बोटावर थेंब घेतला नव्हता. वास घेतला नव्हता. सेंटिस्टोक पाठ होते मला.

"गाडी बंद कर," चाचा म्हणाले. "एक किलोमीटर पुढं नेऊ नको. माल दुसऱ्या गाडीत टाक."

भाडं गेलं, वर हमालीही अंगावर पडली. गाडी टोचन लावून सोलापूरला आणली. चाचांनी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे सहाही नोझल काढून टेस्टिंगला नेले, मी बरोबर गेलो. टेबलावरच्या मशिनला नोझल लावायचा, हँडल दाबायचं. चांगला नोझल दाब धरतो, धरतो, आणि मग एकदम ‘फिस्स’ करून धुकं सोडतो. चार छिद्रांतून चार पिंजारलेली धुकी, आणि टोक कोरडं. पाच नोझल तसे निघाले. तिसऱ्या सिलिंडरचा लावला. हँडल अजून पुरतं दाबलंही नव्हतं तोवर त्याच्या टोकाला थेंब जमला, फुगला आणि खाली टपकला. मग दुसरा. नळ नीट बंद न झाल्यावर टपकतो तसा. तो थेंब सिलिंडरमध्ये जळत नव्हता. तो लायनरवरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं, ऑइल धुवत रिंगांमधून खाली चेंबरमध्ये, ऑइलच्या टाकीत, उतरत होता, रोज, महिनाभर. जेवढं ऑइल इंजिन खात होतं तेवढं डिझेल वरून येत होतं आणि मला वाटत होतं खाणं थांबलं. शेवटी शेवटी येणं खाण्याहून जास्त झालं, म्हणून लेव्हल वर चढली. चाळीसचं ऑइल डिझेल मिसळून तीसचं आणि तिसाच्याही खालचं झालं होतं.

वीस-पन्नास टाकलं असतं तर? काटा आला असता वर. मी धाराशिवला पोचलो असतो, परतही आलो असतो, आणि लोकांना सांगत फिरलो असतो की जुन्या गाडीला जाडच ऑइल लागतं. नोझल टपकतच राहिला असता. काट्याबद्दल मला तेव्हा उमगलं ते असं की तो दाब दाखवतो, प्रवाह दाखवत नाही. जाड ऑइल फटीतून जायला अडतं, म्हणून दाब वाढतो. बेरिंगला हवं असतं ते मात्र वाहतं ऑइल. ते वाहतं तेव्हा फक्त वंगण देत नाही, उष्णताही घेऊन जातं. ज्याच्या गाडीचे बेरिंग खरोखर झिजलेत, फुल इंजिन काम काढायला पैसे नाहीत आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात धंदा करायचाय, त्याने जाणूनबुजून वीस-पन्नास टाकावं. तो चुकीचा निर्णय नाही. बरेच चांगले मिस्त्री तसं सांगतात. पण दुखणं कुठलं ते बघायच्या आधी टाकू नये, इतकंच. दाटपणा वाढवणाऱ्या बाटल्या मिळतात, ‘जुन्या इंजिनासाठी’ असं लिहिलेल्या, त्यांच्याबद्दलही मी हेच म्हणेन. चांगल्या ऑइलमध्ये जे लागतं ते बनवणाऱ्याने मोजून घातलेलं असतं.

चाचांनी चेंबर उतरवलं. खालून टोप्या सोडवून कनेक्टिंग रॉडचे बेरिंग एकेक काढून फडक्यावर मांडले. चांगल्या बेरिंगचा आतला थर करडा, चांदीवर राख फिरवल्यासारखा. तिसऱ्याच्या आणि चौथ्याच्या मधोमध तो थर उडून खालचं तांबं दिसत होतं, तांबूस, नखाएवढं. क्रँकला बोट लावून त्यांनी माझं बोटही तिथे फिरवलं. गुळगुळीत. "वाचला," म्हणाले. क्रँक वाचला म्हणजे घर वाचलं, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. सेट बदलला. तो चौथ्याचा तांबं दिसणारा बेरिंग माझ्या टेबलावर आहे, आत्ताही.

नोझल दुरुस्त होऊन आले, पुन्हा तेच १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस भरलं. भर दुपारी गाडी तासभर फिरवून आणली आणि आयडलला सोडली. काटा दीडवर.

तेव्हापासून मी वासाच्या जोडीला आणखी एक करतो, तेही चाचांकडून शिकलो. टीपकागदाचा तुकडा घ्यायचा, गरम ऑइलचा एकच थेंब डिपस्टिकवरून त्यावर सोडायचा आणि कागद आडवा, वाऱ्यापासून दूर ठेवायचा. रात्रभरात थेंब पसरतो. ऑइलमध्ये काजळी पेलायची ताकद असेल तर मधला डाग कडेकडेने विरत जातो, काळ्याचा करडा, करड्याचा फिका. ताकद संपली असेल तर काजळी मधेच बसते, काळी कुळकुळीत, कडा चाकूने कापल्यासारखी. डिझेल असेल तर बाहेर एक फिकं, रुंद वलय उमटतं. पाणी असेल तर कडा वेड्यावाकड्या होतात. प्रयोगशाळेइतकं हे नेमकं नाही, पण फुकट आहे आणि खोटं बोलत नाही. डिझेल इंजिनाचं ऑइल दोन दिवसांत काळं पडतं म्हणून घाबरणाऱ्यांनी तर हे जरूर करून बघावं. काळं पडणं हे त्याचं कामच आहे. काजळी ऑइलमध्ये तरंगत राहिली तर ती इंजिनाला चिकटत नाही.

तारखा घातलेले असे कागद वहीत चिकटवून ठेवलेत. मे २०२२ चा पहिलाच आहे. त्याच्या वलयाचा रंग फिक्या चहासारखा आहे.

ऑइलची खरेदी मात्र कुठून करायची यावर माझा हट्ट आहे. भरवशाच्या विक्रेत्याकडून, पावतीसकट, आणि सील स्वतःच्या हाताने फोडून. एकदा मला चांगल्या नावाच्या बादलीत भलतंच ऑइल मिळालंय. उघडल्यावर रंग गढूळ आणि वासात जळकेपणा, वापरलेलं ऑइल गाळून भरलेलं. रिकाम्या बादल्या भंगारातून जातात त्या याच कामाला, म्हणून शहाणे मालक रिकामी बादली टाकण्याआधी तिच्या तळाला भोक पाडतात. मीही पाडायला लागलो होतो, आईने थांबवलं.

सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं. आमच्या अंगणात भिंतीला लागून ऑइलच्या बादल्यांची रांग आहे, वीस-वीस लिटरच्या, सोड्याने आणि राखेने घासघासून वास घालवलेल्या. वापरायच्या पाण्याला सगळ्या. एकही विकली गेलेली नाही, त्यामुळे भेसळवाल्याकडे जायचा प्रश्नच नाही, हा आईचा मुद्दा आणि तो बिनतोड आहे. मागच्या रविवारी ऑइल बदललं. गाडी फिरवून आणून, गरम असतानाच ड्रेन बोल्ट सोडला. गार ऑइलबरोबर निम्मी घाण खालीच बसून राहते. नवं भरलं, फिल्टर भरून बसवला, सेल्फ मारला, रॉकरची टकटक दोन सेकंदांत थांबली. बादली उपडी करून शेवटचा थेंब उतरेपर्यंत तशीच धरून उभा होतो तेव्हा आई मागे येऊन थांबलेली.

"दे इकडं. उद्या पाणी येणार आहे."

"आहेत की एवढ्या."

"ती चिरली," ती म्हणाली आणि रांगेतली कडेची बादली पायाने पुढे ढकलली. जुनी, उन्हाने पांढरी पडलेली, काठापासून खाली बोटभर चीर गेलेली. मी ती उचलून फिरवली. पाठीवर ऑइल पेंटने लिहिलेलं होतं, अण्णांच्या उभ्या, ठसठशीत अक्षरात: १४/२/९८, ४० नं., फिल्टर पण.

चिरलेली बादली मी गाडीच्या कॅबिनमध्ये सीटमागे ठेवली. तिच्यात आता फडकी असतात. नव्या बादलीवर आईने तारीख लिहून घेतली माझ्याकडून, आणि खाली ‘फिल्टर पण’ हेही लिहायला लावलं.